गिरणगावातली पत्रे
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. दिवसभर रानात राबायचे आणि रात्री पाटी घेऊन बसायचे, हे सोपे काम नव्हे. ते तुम्ही केलेत. म्हणून आज मी तुम्हांला माझ्या लहानपणाच्या काही गोष्टी सांगणार आहे.

मी खेड्यात वाढले नाही. मी मुंबईत, गिरणगावात वाढले. पण ऐकताना तुम्हांला वाटेल, ही तर आपल्याच गावची माणसे! आणि ते खरेच आहे. गिरणगाव मुंबईत होते, पण त्यात राहत होती ती खेड्यापाड्यांतली माणसे.

गिरणगाव कसे वसले

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. भायखळा, लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड, वरळी. जिकडे पाहावे तिकडे उंच धुराडी. या साऱ्या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले.

गिरण्यांना माणसे हवी होती. आणि खेड्यातल्या माणसांना पैसा हवा होता. कोणाची जमीन गहाण पडलेली. कोणाला चार भावांत एक तुकडा. पाऊस झाला तर पीक, नाहीतर उपास. कोकणातून माणसे आली. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, इकडूनही आली.

माझे वडील पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरी पिकायची. घरात खाणारी तोंडे नऊ. वडील चुलत्यांच्या मागे मुंबईला आले आणि गिरणीत बदली म्हणून लागले. बदली म्हणजे काय? रोज गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचे. नसला तर हात हलवीत परत यायचे. अशी चार वर्षे गेली, तेव्हा कुठे वडील कायम झाले.

भोंगा आणि पाळी

आमच्या घरात घड्याळ नव्हते. गिरणीचा भोंगा हेच आमचे घड्याळ. पहिली पाळी सकाळी सातला. दुसरी दुपारी साडेतीनला. तिसरी रात्री बाराला. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जायचा. एक लोंढा आत जाई, एक बाहेर येई. बाहेर येणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाचा तूस बसलेला असे. तरणी माणसेसुद्धा म्हातारी दिसत.

वडील साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचे यंत्र. शेकडो साचे एकदम चालत. त्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. म्हणून साचेवाले घरीसुद्धा ओरडून बोलत. नव्या माणसाला वाटे, भांडण चालले आहे. कापसाचा तूस छातीत जाई. चाळीत रात्री कोठून ना कोठून खोकल्याचा आवाज येतच असे.

आमची खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद. मोरी त्यातच, चूल त्यातच. बाहेर लांब गॅलरी. एका मजल्यावर वीस खोल्या. नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला. पहाटे नळाला पाणी येई, तेव्हा हंड्यांची रांग लागे. भांडणे होत. पण कोणाच्या घरी बाळंतीण असली, तर तिचा हंडा सगळ्यांच्या आधी भरला जाई. तसे करा म्हणून कोणाला सांगावे लागत नसे.

आमच्या शेजारी एक गाळा होता. गाळा म्हणजे एकाच गावच्या पुरुषमाणसांची खोली. त्या एका खोलीत पंचवीस-तीस जण राहत. तुम्ही म्हणाल, मावत कसे? पाळीने मावत. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा निजे. भिंतीकडेला पत्र्याच्या ट्रंका, वर वळकट्या, खुंटीला सदरे. प्रत्येकाची तेवढीच जागा. दर महिन्याला सगळे वर्गणी काढीत. त्यातून भाडे जाई, टाळमृदंग येत, आणि कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोचवायचा खर्च निघे. गावात जशी गावकी, तशी ती मुंबईतही होती.

आईची खाणावळ

गाळ्यातल्या माणसांच्या बायका गावी. मग त्यांना जेवायला कोण घालणार? माझी आई खाणावळ चालवीत असे. बावीस माणसे आमच्याकडे जेवत. सगळे तिला वहिनी म्हणत. आई पहाटे चारला उठे. पहिल्या पाळीच्या भाकरी आधी, मग दुसरीच्या, मग रात्रपाळीच्या. दिवसाला किती भाकरी थापल्या, याची तिला मोजदाद नसे. तिच्या हातांना तव्याचे चटके कायमचे होते.

माणसे पगार झाला की पैसे देत. तोवर वाण्याची उधारी आईच्या डोक्यावर. वाणी वहीत काय लिहितो, ते आईला कळत नसे. ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. एक शेर पिठाला एक रेघ. भिंतीला चुना दिला की हिशेब गेला!

मी चाळीची वाचणारी झाले

मी महापालिकेच्या शाळेत जात होते. दुसरी-तिसरीत मला नीट वाचता येऊ लागले. आणि एक दिवस गाळ्यातले एक मामा आईला म्हणाले, “वहिनी, तुमच्या पोरीला जरा धाडा. गावचं पत्र आलंय.”

त्या दिवसापासून मी गाळ्याची वाचणारी झाले. रविवार हा पत्रांचा दिवस. मी मध्ये बसे आणि माणसे भोवती बसत. आधी आलेली पत्रे वाचायची, मग उत्तरे लिहायची.

ही रविवारची सुट्टी काही आपोआप मिळाली नव्हती, बरे का! पूर्वी गिरणीत आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे नावाचे गृहस्थ होते. जोतीराव फुले यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा घेतल्या, अर्ज केले, ‘दीनबंधू’ या आपल्या पत्रात कामगारांची गाऱ्हाणी छापली. शेवटी १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लिहिणारा माणूस कामगारांच्या बाजूने उभा राहिला, म्हणून हे झाले.

पत्रे बहुतेक एकाच धर्तीची असत. “पत्रास कारण की, इकडील सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.” पण मधल्या दोन ओळींत खरी गोष्ट असे. म्हैस आटली. पोराला ताप येतो. भावाने बांध कोरला. पैसे लवकर धाडा.

मी आठ-नऊ वर्षांची पोर. पण कोणाच्या घरात काय चालले आहे, ते मला सगळे ठाऊक. कोणाला किती कर्ज आहे, कोणाची बायको रुसून माहेरी गेली आहे, हे त्या माणसाच्या आधी मला कळे. कारण आधी माझे डोळे वाचीत, मग त्याचे कान ऐकत.

पत्र लिहिताना तर आणखी मौज. एकजण तीन आठवडे खोकल्याने पडून होता. त्याने मला सांगितले, “लिही, माझी तब्येत एकदम बेस हाय.” मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो म्हणाला, “लिही पोरी. म्हातारी उगाच घोर लावून घ्येल.” मी तसे लिहिले. आणि तिकडून आलेल्या पत्रातही सर्व खुशाल होते. ते खरे होते की खोटे, कोण जाणे!

कोयनेचा भूकंप

आता मी सांगते ती गोष्ट १९६७ सालची आहे. मी दहा वर्षांची होते.

११ डिसेंबरची पहाट. सोमवार होता. आई नुकतीच चुलीपाशी बसली होती. सव्वाचार वाजून गेले असतील. एकाएकी फळीवरची भांडी वाजू लागली. टांगलेला कंदील हलला. चाळीतली माणसे पोरांना उचलून खाली धावली. थोड्या वेळाने सगळे शांत झाले. माणसे हसत वर आली आणि कामाला गेली.

दुपारपर्यंत बातमी आली. भूकंप कोयनेला झाला होता. कोयनानगर पडले होते. आसपासच्या गावांत घरेच्या घरे खाली बसली होती. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, हे पुढे कळले. त्या दिवशी मात्र कोणालाच काही कळत नव्हते. गाळ्यातली सारी माणसे त्याच खोऱ्यातली!

ज्यांच्याजवळ पैसे होते, ते मिळेल त्या गाडीने गावाकडे धावले. बाकीचे वाट पाहत राहिले. त्या आठवड्यात आईच्या भाकरी उरत. कोणाला घास जात नव्हता. पोस्टमन जिन्यावर आला की सगळी गॅलरी उठून उभी राही.

मग पत्रे आली. एकदम पाच. माणसे मला घेऊन गाळ्यात बसली. माझे वडीलही होते. पहिले पत्र वाचले. घर पडले, माणसे वाचली. दुसऱ्यात बैल दगावला, माणसे वाचली. तिसरे पत्र साचेवाल्या मामांचे होते. ते पुढे सरकून बसले. मी दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

तिसऱ्या ओळीत त्यांची आई गेल्याचे लिहिले होते.

मला पुढे वाचवेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. वडील हळूच म्हणाले, “वाच बाळ. लिवलंय ते वाच.” मी वाचले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतले. उलटसुलट करून पाहिले. ज्या ओळीत त्यांची आई होती, ती ओळ कोणती, हेसुद्धा त्यांना कळत नव्हते. त्यांनी मला विचारले, “कुठं लिवलंय? बोट ठेव.” मी बोट ठेवले. मामा त्या अक्षरांकडे बघत राहिले.

मामा शिकले

मामा गावी जाऊन दिवसकार्य करून आले. आल्यावर त्यांनी ट्रंकेतून नवी पाटी काढली. मला म्हणाले, “पोरी, मला शिकव. माझी आई गेल्याचं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. आता माझं मी वाचीन.”

तेव्हा मामांचे वय चाळीसच्या पुढे होते. साच्यावर सरसर चालणारी त्यांची बोटे पाटीवर अडखळत. गाळ्यातली माणसे हसली. “मामा, आता मामलेदार व्हणार काय?” मामा हसून सोडून देत. पाळी संपली की अर्धा तास बसत. आईचे लक्ष भाकरीवर असे आणि कान आमच्याकडे. थोड्याच दिवसांत तीसुद्धा परातीतल्या पिठावर बोटाने अक्षरे काढू लागली. मामा बाहेर पडले की पाट्या वाचीत. बसवरची पाटी, दुकानावरची पाटी, कापडाच्या ताग्यावरचा शिक्का. आठ-नऊ महिन्यांत त्यांना सावकाश वाचता येऊ लागले.

पहिला उपयोग कुठे झाला, सांगू? सावकाराकडे. पगाराच्या दिवशी गेटबाहेर सावकार उभे राहत. रुपयाला महिना एक आणा व्याज. तेव्हा पैसे सुरू झाले होते, तरी व्याजाची बोली आण्याचीच होती. एक आणा म्हणजे थोडेच, असे माणसांना वाटे. मामांनी पाटीवर हिशेब मांडला. शंभर रुपयांना महिन्याला शंभर आणे, म्हणजे सव्वासहा रुपये. वर्षाला पंचाहत्तर रुपये! आणि शंभराचे मुद्दल तसेच उभे. मामांनी ती पाटी गाळ्यात फिरवली. माणसे गप्प झाली. त्यानंतर गाळ्यातल्यांनी भिशी सुरू केली. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि गरजवंताला कमी व्याजाने द्यायची. वही मामांच्या हातात. सावकार एका दिवसात गेला नाही, पण त्याच्यापुढची रांग आखूड झाली.

पण मामांची खरी अडचण वेगळीच होती. आता ते स्वतः पत्र लिहीत. मात्र गावी मामीला वाचता येत नव्हते. ते पत्र तिथे शेजारचा कोणी पोरगा वाचून दाखवी. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, मग मनातले कसे लिहिणार? म्हणून पुन्हा तेच. “इकडील सर्व खुशाल.”

चैत्रात मामा जत्रेला गावी गेले. जाताना पहिलीचे पुस्तक बरोबर नेले. आले ते पुस्तक तिथेच ठेवून आले. पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास एक पत्र आले. पत्त्यावरची अक्षरे मोठी, वाकडी, एकमेकांवर चढलेली. मी सवयीने हात पुढे केला. मामांनी पत्र दिले नाही. ते गॅलरीच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून वाचू लागले. चारच ओळी असतील, पण मामा कितीतरी वेळ उभे होते.

मी रुसून आईला सांगितले, “मामांनी मला पत्र दाखवलं नाही.” आई भाकरी थापता थापता हसली. म्हणाली, “त्ये त्यांचं हाय गं. तुझं न्हवं.”

त्या पत्रात काय होते, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. आणि तेच बरोबर आहे.

गिरणगावात असे शिकलेले मामा एकटे नव्हते. कवी नारायण सुर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते सापडलेले पोर. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी आणून वाढवले. त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून काम केले. शिकत शिकत ते त्याच महापालिकेच्या शाळांत शिक्षक झाले. पुढे मोठे कवी झाले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि खाणावळवाल्या बायका? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. वाण्या-सावकाराच्या उधारीऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. माझ्या आईने पुढे बँकेच्या कागदावर सही केली, अंगठा नाही. मग घरी येऊन तिने भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा पुसून टाकल्या.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार कामावरून उतरले. संप वर्षाच्या वर चालला. कामगारांच्या मागण्या पदरात पडल्या नाहीत. हजारो माणसे पुन्हा कामावर गेलीच नाहीत. मग एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागी उंच इमारती आणि मोठमोठी दुकाने आहेत. काही धुराडी तेवढी उभी आहेत.

गाळ्यातली बरीच माणसे गावी परतली. तुमच्याही गावात अशी घरे असतील. माझ्या वडिलांनी आपले सगळे कागद ट्रंकेत ठेवले होते. गिरणीचे तिकीट, पगाराच्या पावत्या, फंडाचा कागद, विम्याचे कार्ड. आई म्हणे, “गिरणी गेली, आता ह्या कागदांचं काय लोणचं घालायचं?” वडील म्हणत, “असू दे.”

पुढे सरकारने गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरवले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येणार होता. पहिली सोडत २०१२ साली निघाली. संपाला तेव्हा तीस वर्षे झाली होती! दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, आणि घरे थोडी. अजून पुष्कळजण वाट पाहत आहेत. पण अर्ज करायचा तर पुरावा हवा. ज्याने कागद जपले, त्याला अर्ज भरता आला. ज्याच्या घरी ते चुलीत गेले किंवा वाळवीने खाल्ले, त्याची वणवण झाली. आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस, पण “मी तिथे होतो” हे दाखवायला त्याच्याजवळ चिठोरेही नव्हते. मामांच्या मुलाजवळ मात्र सगळे होते. प्रत्येक कागदाच्या पाठीवर मामांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते, हा कशाचा कागद.

मंडळी, आता तीन कामे सांगते आणि थांबते.

पहिले काम. तुमच्या घरात जे कागद असतील, ते आज रात्री काढा. सातबारा, पावती, पासबुक, जन्माचा दाखला. सावकाश वाचा. अडले तर गुरुजींना विचारा. मग कोरड्या जागी एकत्र ठेवा आणि पाठीवर नाव लिहा.

दुसरे काम. न वाचता कुठेही अंगठा किंवा सही करू नका. समोरचा घाई करील. करू द्या. तुम्ही घाई करू नका.

तिसरे काम. तुमच्या घरातले जे माणूस अजून शिकले नाही, ती तुमची बायको असेल, आई असेल, भाऊ असेल, त्याला बरोबर घेऊन या. एकट्याने शिकून अर्धेच काम होते. लिहिणारा एका टोकाला आणि वाचणारा दुसऱ्या टोकाला, असे दोघे झाले, म्हणजे मग “सर्व खुशाल” याच्या पुढचे लिहिता येते.

तुम्ही ते लिहा.